मुंगी मेली का, ते विचारा

गेल्या महिन्यात या सदरात तापाबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती बहुतेक मुलांच्या पडण्याबद्दल. दिवाणावरून, घसरगुंडीवरून, बाबांच्या खांद्यावरून. त्यातली पाच निवडली आहेत. पत्रं लांबलचक होती, मी कात्री लावली आहे. नावं मुद्दाम गाळली आहेत, पुणं म्हणायला मोठं आहे.

मी कर्वेनगरमध्ये चौदा वर्षं पाळणाघर चालवते. बारा मुलं आहेत. मागच्या महिन्यात सव्वा वर्षाच्या एका मुलाचा तोल गेला आणि तो टीपॉयच्या कडेवर आपटला. कपाळावर टेंगूळ आलं. दोन मिनिटं रडला, केळं खाल्लं, परत खेळायला लागला. आई हिंजवडीला नोकरीला, मीटिंगमध्ये असेल म्हणून फोन केला नाही. संध्याकाळी न्यायला आली तेव्हा गडबडीत सांगायचं राहून गेलं. रात्री तिचा फोन, ‘काकू, हे कधी झालं?’ आता तिने मुलाला काढून घेतलंय. एवढ्याशा टेंगळासाठी दर वेळी फोन करायचा का? (पाळणाघराच्या एक काकू, कर्वेनगर)

काकू, आधी तुमची बाजू घेते, मग रागावते.

सव्वा वर्षाचं पोर आपटणारच. त्या वयात शरीराच्या मानाने डोकं मोठं असतं. जन्मलेल्या बाळाच्या एकूण लांबीत डोकंच जवळजवळ चौथा हिस्सा असतं. वरचा भाग जड, खालचे पाय डगमगते, आणि पडताना हात पुढे टेकायचं अजून नीट जमत नाही. मग पहिलं कपाळ टेकतं. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या भरपूर आणि लगेच खाली हाड, त्यामुळे साचलेलं रक्त बाहेरच फुगतं. बघता बघता लिंबाएवढं टेंगूळ येतं आणि बघणाऱ्याचे हातपाय गळतात. पण हे सगळं कवटीच्या बाहेर चाललेलं असतं. आतली खबर टेंगळाच्या आकारावरून मिळत नाही. ती मुलाच्या वागण्यावरून मिळते.

आपल्याकडे मूल पडलं की आजी जमिनीवर हात आपटते, ‘हात् रे जमिनीला! अगं बाई, मुंगी मेली बघ!’ मी तीस वर्षं तपासायच्या टेबलावर हेच करत आले आहे. हुंदके देत मूल खाली बघतं, मुंगी शोधतं, बोट दाखवतं. एका पठ्ठ्याने मला, ‘मेली नाही, घरी गेली,’ असं सुनावलं होतं. तेवढ्या अर्ध्या मिनिटात मला कळतं की याला ऐकू आलं, समजलं, मान वळतेय आणि दोन्ही डोळे एका जागी लागताहेत. सव्वा वर्षाचं मूल बोलणार नाही, पण बघेल तर खरं. तुमच्या त्या मुलाने केळं मागून खाल्लं, तेही मला तितकंच मोलाचं वाटतं. मुलाने मुंगीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, नजर कुठेतरी भलतीकडेच लागली आहे, तर मात्र मी सावध होते.

आता तुमच्या मावशींना शिकवायचं ते असं. मूल पडलं की पहिली नजर घड्याळाकडे, दुसरी मुलाकडे. आपटल्या आपटल्या रडलं का, की क्षणभर गप्प पडून मग रडलं? हे बघणारा माणूस तिथे एकच असतो, डॉक्टर नंतर कितीही मोठा असला तरी त्याला ते दिसणार नाही. जिन्यावरून किंवा उंचावरून पडलं असेल आणि मान धरत असेल तर उचलायची घाई नको. साधं पडणं असेल तर मांडीवर घ्यावं आणि शेक द्यावा तो गारच. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही, रुमालात गुंडाळायचा. बर्फ बघून मुलं पळतात, म्हणून माझा सल्ला फ्रीजमधल्या दुधाच्या पिशवीचा. गार असते, मऊ असते आणि मुलाच्या ओळखीची असते. तीही फडक्यात गुंडाळूनच, दहा मिनिटं. तेल लावून चोळायचं नाही, चोळल्याने आतलं रक्त आणखी पसरतं. आंबेहळद उगाळून लावायचा मोह तुम्हाला होणार, मला माहीत आहे. कातडी शाबूत असेल आणि वरवर लावली तर बिघडत काही नाही, पण त्या पिवळ्या थराखाली रंग आणि सूज कशी बदलतेय ते दिसेनासं होतं. उघड्या खोकेवर तर नकोच. खोक पडली असेल तर स्वच्छ कापड सलग दहा मिनिटं दाबून धरा. दर मिनिटाला उचलून ‘थांबलं का’ बघू नका. डोक्याची खोक नखाएवढी असली तरी भळाभळा वाहते, त्याने घाबरून जायचं कारण नाही. कडा उघड्या राहत असतील तर मात्र टाके लागतील. कापड दाबताना हाताखाली हाड खचल्यासारखं लागलं तर दाबायचं थांबवून तडक दवाखाना गाठा.

आता रागावते. फोन करायचाच. आणि तो आईची समजूत काढण्यासाठी नाही.

काही वर्षांपूर्वी रात्री नऊ वाजता एक जोडपं माझ्याकडे दीड वर्षाची मुलगी घेऊन आलं. कपाळाच्या बाजूला टेंगूळ, जेवताना एकदा ओकली होती, डोळे मिटत होते. कधी पडली? माहीत नाही. कुठून? माहीत नाही. लगेच रडली का? दोघं एकमेकांकडे बघायला लागली. ज्याची वेळ माहीत नाही तो मार ताजा आणि मोठा समजूनच मला पुढचं पाऊल टाकावं लागतं. मी त्यांना रुग्णालयात रात्रभर देखरेखीखाली ठेवायला पाठवलं. अकरा वाजता पाळणाघरातल्या ताईंचा घाबराघुबरा फोन आला. मुलगी सकाळी साडेदहाला लाकडी घोड्यावरून पडली होती, लगेच रडली होती, दुपारी वरणभात खाऊन दोन तास झोपली होती आणि उठून नाचली होती. हे मला नऊ वाजता कळलं असतं तर ती रात्री आपल्या घरी असती. ताईंनी लपवलं असं मी म्हणणार नाही. तुमच्यासारखंच राहून गेलं होतं.

मूल पाळणाघरातून घरी जातं तेव्हा पहारा बदलतो. पुढचे आठ-दहा तास कशावर नजर ठेवायची हे त्या आईला कळायला नको? सात वाजताच पेंगायला लागलं तर नेहमीचं की वेगळं, हे ती कशावरून ठरवणार? म्हणून फोन केल्यावर पहिलं वाक्य ‘तो आता खेळतोय’ हे असू द्या, म्हणजे तिला पुढचं ऐकू येईल. मग वेळ, कुठून पडला, कशावर पडला, लगेच रडला का, त्यानंतर काय खाल्लं. टेंगळाचा फोटो तिला पाठवा, पालकांच्या ग्रुपवर नको. हेच सगळं एका वहीत लिहून न्यायला आलेल्या माणसाची सही घ्या. न्यायला आजोबा आले तर आजोबांची. आजोबा हमखास विसरतात, म्हणून चिठ्ठी डब्याच्या पिशवीत टाका.

काही वेळा मात्र आईला फोन दुसरा आणि दवाखाना पहिला. मूल क्षणभर जरी बेशुद्ध पडलं, झटका आला, हाक मारून धड जागं होत नाही, कशानेही रडं थांबत नाही, पुन्हा पुन्हा ओकतंय, चालताना झोकांड्या जातात, एक हात किंवा पाय कमी हलवतंय, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसतात, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येतंय. कुठलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. बेशुद्ध मुलाला स्कूटरवर मधे धरून कर्वे रस्त्याच्या गर्दीत घुसू नका, १०८ ला फोन लावा.

त्या आईला एकदा पत्र लिहा. मुलगा परत येईल न येईल, पण वही सुरू केलीत हे तिला कळू द्या.

आमच्या सासूबाई म्हणत, डोक्यावर पडलेल्या मुलाला झोपू द्यायचं नाही. नात दुपारी पडली आणि लगेच पेंगायला लागली. मी तिला काही केल्या झोपू दिलं नाही, दुपारभर फिरवली. ती रडून रडून शेवटी ओकली. सून म्हणते, मोबाइलवर झोपू द्या असं लिहिलंय. खरं कोणाचं? (एक आजी, सदाशिव पेठ)

दोघींचं थोडं थोडं. सासूबाईंच्या काळात दवाखाना लांब होता आणि झोप व बेशुद्धी लांबून सारखीच दिसते. जागं ठेवलं की निदान कळत तरी होतं. पण झोपेने मेंदूला अपाय होत नाही. झोपेची वेळच झाली होती आणि पडल्यावर नात नेहमीसारखी वागत होती, तर थोपटा खुशाल. पहिला तासभर जागी राहिली तर बघायला सोपं जातं इतकंच. वेळ नसताना, खेळ सोडून, हातात दिलेलं बिस्किट तसंच धरून पेंगायला लागली, तर ती झोप नाही, ती ग्लानी. तेव्हा दवाखाना. शंका असेल तेव्हाही दवाखाना.

रात्री दोन-तीन तासांनी एकदा बघा. टक्क जागं करायची गरज नाही. गालावर बोट फिरवा, पांघरूण ओढा. तिने कूस बदलली, तुमचा हात ढकलला, श्वास नेहमीसारखा आहे, की पुरे. काहीच हालचाल केली नाही तर पूर्ण उठवा, आणि उठलीच नाही तर वाट बघू नका.

माझी मुलगी दोन वर्षांची असताना स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्याच्या कोपऱ्यावर आपटली. मी तेव्हा एम.डी. होऊन चार वर्षं झाली होती. दवाखान्यात रोज दहा आयांना जे सांगत होते ते त्या रात्री मला एक अक्षर आठवलं नाही. दर अर्ध्या तासाला तिच्या पापण्या उघडून टॉर्च मारत बसले. पहाटे तीनला ती एवढी भडकली की मला चावली. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, ‘चावतेय ना? मग चांगली आहे. झोप आता.’ त्यांचं निदान बरोबर होतं.

ओकारीचं म्हणाल तर रडून रडून एकदा ओकणं मुलांत नेहमीचं. थोड्या थोड्या वेळाने तीनदा किंवा जास्त झालं तर मात्र दाखवायलाच हवं. दुखतंय वाटलं तर वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल चालेल. बाकीच्या वेदनाशामक गोळ्या-औषधं स्वतःच्या मनाने नकोत, त्यांतल्या काहींनी रक्तस्राव वाढू शकतो. अ‍ॅस्पिरिन तर मुलांना नाहीच.

एक राहिलं. कपाळावर टेंगूळ असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापणी सुजून काळीनिळी होते. रक्त उताराने खाली येतं, दुसरं काही नाही. त्या दिवशी माझा फोन सर्वांत जास्त वाजतो. पण कपाळाला मार नसताना दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे असं काळंनिळं आलं, तर ते कवटीच्या तळाशी भेग गेल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा लगेच रुग्णालय.

आमची आठ महिन्यांची मुलगी दिवाणावरून फरशीवर पडली. रुग्णालयात डॉक्टरांनी तपासलं, चार तास बसवून ठेवलं आणि सीटी स्कॅन न करता घरी पाठवलं. मित्राच्या मुलाचा तर लगेच काढला होता. हा हलगर्जीपणा नाही का? (एक वडील, वाकड)

नाही. तुमच्या मुलीसाठी चार तास कोणीतरी वेळ दिला, असं मी म्हणेन.

सीटीमध्ये क्ष-किरणांचा मारा साध्या एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि वाढत्या पेशींना तो जास्त जाचतो. शिवाय आठ महिन्यांचं बाळ स्थिर राहत नाही, कधी कधी गुंगीचं औषध द्यावं लागतं. म्हणून ‘काढून टाकू एकदाचा’ हे धोरण चुकीचं. २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात उत्तर अमेरिकेतल्या २५ आपत्कालीन विभागांचा एक मोठा अभ्यास आला. डोक्याला मार लागून आलेली ४२,४१२ मुलं, सगळी शुद्धीवर असलेली किंवा किंचित गुंगीत. काळजी करण्यासारखी मेंदूची इजा त्यांच्यात शंभरात एकाहूनही कमी मुलांना होती. कोणाला स्कॅन लागत नाही याची कसोटी त्यातून निघाली. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ती अशी: शुद्ध पूर्ण आहे, पाच सेकंद किंवा जास्त बेशुद्ध नव्हतं, डोक्याच्या बाजूला किंवा मागे सूज नाही, कवटीला भेग हाताला लागत नाही, तीन फुटांहून उंचावरून पडणं किंवा तसा जोराचा मार नाही, आणि आईबाप म्हणतात की बाळ नेहमीसारखं वागतंय. शेवटची ओळ पुन्हा वाचा. तुमचं मत कसोटीचा भाग आहे. तेव्हा डॉक्टरांनी ‘नेहमीसारखी आहे ना?’ विचारलं तर उगाच भिडेखातर हो म्हणू नका.

मित्राच्या मुलाच्या बाबतीत यातलं काहीतरी वेगळं असेल. कपाळावरचं टेंगूळ उकडलेल्या अंड्यासारखं घट्ट लागतं, त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. पण तान्ह्या बाळाच्या कानाच्या वर किंवा मागच्या बाजूला बोटाखाली लिबलिबीत, पाण्याने अर्धी भरलेल्या पिशवीसारखी सूज लागली, तर खाली हाडाला भेग असू शकते. मग मीही स्कॅन सांगते. नुसत्या कवटीच्या एक्स-रेने समाधान मानू नका, त्यात हाड दिसतं, मेंदू दिसत नाही.

वर्षाच्या आतलं बाळ डोक्यावर पडलं तर डॉक्टरांना निदान फोन करावा, तीन महिन्यांच्या आतलं असेल तर दाखवावंच. आणि दिवाणावर दोन्हीकडे उशा लावून बाळ थांबत नाही. उशी चढायला पायरी होते. गादी जमिनीवर टाका, आहे काय त्यात! वॉकर घेतला असेल तर तो माळ्यावर टाका. कॅनडाने २००४ मध्ये वॉकर विकायलाच बंदी घातली, कारण मुलं त्यात बसून सुसाट सुटतात आणि जिन्यावरून थेट खाली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्यात मूल बसत नाही, उभं राहून ढकलतं. तोही जिन्यापासून लांब.

दोन वर्षांचा मुलगा. जरा कुठे आपटला की रडायला तोंड उघडतो पण आवाजच फुटत नाही, निळा पडतो, मान टाकतो. शेजारच्या काकू कांदा हुंगवतात. डोक्याला लागल्यामुळे बेशुद्ध होतो का? (एक आई, सिंहगड रस्ता)

बहुधा हा श्वास रोखण्याचा झटका आहे. दुखतं, राग येतो, रडण्यात सगळा श्वास बाहेर जातो आणि परत आत घ्यायचं क्षणभर राहून जातं. मूल ढिलं पडतं आणि आपोआप श्वास सुरू होतो, सहसा मिनिटाच्या आत. साधारण सहा महिन्यांनंतर सुरू होतो आणि पाच-सहा वर्षांपर्यंत जातो. काही मुलं निळी न पडता पांढरीफटक पडतात, तीही बहुतेक वेळा अशाच छोट्या आपटण्यानंतर.

कुशीवर झोपवा आणि बघत बसा. तोंडात पाणी, बोट, चमचा काही नको. गदागदा हलवायचं तर मुळीच नाही. कांद्याने फायदा नाही, नुकसान एवढंच की काकूंना आपणच वाचवल्याचं वाटतं. पण हे निदान पत्रावरून मी पक्कं करणार नाही. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि रक्तातलं लोह तपासून घ्या. ते कमी असलं की हे झटके वाढतात, औषध दिलं की बऱ्याच मुलांत कमी होतात. आधी रडून मग मान टाकली की आपटून थेट बेशुद्ध पडला, हा फरक डॉक्टरांना नक्की सांगा. मिनिटाहून जास्त वेळ लागला किंवा शुद्धीवर येऊनही मलूल राहिला, तर रुग्णालय गाठा.

बारा वर्षांचा मुलगा कबड्डी खेळताना दुसऱ्याच्या डोक्यावर आपटला. पाच मिनिटं ‘स्कोअर किती?’ हेच विचारत होता. मग बरा झाला, पण सरांनी त्याला परत मैदानात घेतलं नाही. तो रुसलाय. फार काळजी घेतली का सरांनी? (एक पालक, हडपसर)

सरांना माझा नमस्कार सांगा. एकच प्रश्न परत परत विचारणं म्हणजे मेंदूला हादरा बसल्याची खूण. त्या दिवशी परत खेळणं नाही म्हणजे नाही, बरं वाटलं तरी नाही. अजून दाखवलं नसेल तर आज दाखवून घ्या. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी, मग हळूहळू शाळा, घरातलं चालणं-फिरणं, पळणं, आणि अंगाला अंग भिडणारी कबड्डी सर्वांत शेवटी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. मधेच डोकं दुखायला लागलं तर एक पायरी मागे. तोवर संघाचा सामना असेल तर त्याला गुण लिहायला बसवा, स्कोअर किती हे त्यालाच सर्वांत आधी कळेल.